अयोध्या नावाची यादी

लोहारा,
ता. १९ जानेवारी १९८८

तीर्थरूप अण्णाराव मामांच्या पायावर डोकं ठेवून मच्छिंद्रचा नमस्कार.

इकडं आम्ही जसे असायला हवे तसे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. भूमला टँकर रोज येतो की एक दिवसाआड, आणि छावणीत नेलेल्या म्हशीला चारा मिळतो का, तेही कळवा. वहिनी वेळेवर उठतात, वेळेवर कामं करतात. जेवत मात्र नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि बोलत नाहीत. आम्हीही त्यांच्यासमोर दादाचं नाव काढत नाही. घरात सगळे दबकून चालतात.

दादाच्या दहाव्याला काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे, पण पुढचं समजावं म्हणून आठवण करून देतो. कावळा शिवत नव्हता. दुष्काळात कावळे उपाशी, समोर भात, तरी लिंबाच्या झाडावरून एक खाली येईना. तुम्ही म्हणालात, पोरांची शाळा मी बघतो. आला नाही. वहिनींच्या भावानं सांगितलं, बहिणीला अंतर देणार नाही. आला नाही. मग माझ्या तोंडून (मी चार माणसांत कधी बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे) निघून गेलं की दादा, कारखान्याची तोडीची यादी मी चालवीन. आणि लगेच तीन कावळे उतरले. तुम्ही मागून म्हणालात, "घे, बसलं तुझ्या मानंवर!" ते बसलं आहे मामा, आणि त्याचं वजन किती असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

यादी म्हणजे काय ते थोडक्यात लिहितो. आपल्या कारखान्यात कोणाचा ऊस आधी तोडायचा, याच्या चिठ्ठ्या पूर्वी चेअरमनसाहेबांच्या ओसरीवरून निघायच्या. ज्यांचा पाव्हणा डायरेक्टर, त्यांचा ऊस आधी. बाकीच्यांचा उभ्या उभ्या वाळायचा. दादानं मागच्या वर्षी कॉम्प्युटरवर यादी बसवली : ज्याची विहीर आधी आटली, त्याचा नंबर आधी. शेतातली शेवटची गाडी वजनकाट्यावर आली की यादीतलं नाव आपोआप खोडलं जायचं आणि पुढच्याची चिठ्ठी छापून यायची. दादा गेल्यावर एम.डी. साहेबांनी मला बोलावलं, कारण शेतकी खात्यात टायपिंग येणारा मी एकटा. म्हणाले, बटणं तीच आहेत. (बटणं खरोखर तीच आहेत. एवढंच खरं निघालं.) येत्या सोमवारपर्यंत यादी नीट चालली नाही, तर चिठ्ठ्या पुन्हा ओसरीवरून.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागतं. आत एवढा गारवा असतो की बाहेर भर दुपारी माणसं पाण्यासाठी रांगेत उभी आहेत हे विसरायला होतं. आता काटा आणि कॉम्प्युटर यांना एकमेकांची भाषा समजत नाही. मध्ये दुभाषी लागतो. तो एका काळ्या चौकोनी फ्लॉपीत भरलेला असतो आणि कंपनीवाले त्याला लायब्ररी म्हणतात. (खंडेनवमीला वॉचमननं कोयते, टाइपरायटर आणि या फ्लॉपीची एकत्र पूजा केली होती. हळद-कुंकवाची बोटं नेमकी जिथं उघडी खाच असते तिथं. फ्लॉपी चालते, पण फिरताना कुरकुरते.) तिच्याबरोबर चार पानांचं माहितीपत्रक आहे. पहिल्या पानावर कंपनीचं अभिनंदन आहे, कंपनीनंच केलेलं. दुसऱ्या पानावर लिहिलंय, वायर योग्य जागी जोडावी. तिसऱ्या पानावर, योग्य जागेसाठी अकरावं पान पाहावं. चौथं पान शेवटचं. मी पत्रक उलटसुलट केलं, टाचणी काढून पाहिली. मग उभा होतो तो खाली बसलो.

शेवटी पोस्टात जाऊन पुण्याला कंपनीला ट्रंक कॉल लावला. अडीच तासांनी लागला. तिकडच्या इंजिनिअरनं सगळं ऐकून घेतलं आणि फार गोड आवाजात म्हणाला, अहो, त्या अकराव्या पानाचं आम्हालाही नक्की सांगता येत नाही, पण तुमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात एक बिभीषणराव म्हणून आहेत, आमचं अडलं की आम्हीसुद्धा त्यांनाच विचारतो. मी म्हणालो, मी त्यांचा धाकटा भाऊ. "मग तर काळजीच मिटली!" म्हणाला. मी फोन ठेवला. पोस्टमास्तर विचारत होते, मिळालं का उत्तर. मी हो म्हणालो.

पण खरा धक्का पुढंच आहे. दादा यादी सुधारायचा, पण जुनी पुसायचा नाही, सुधारलेलीला नवं नाव द्यायचा. हे शहाणपणाचंच. पण एक, दोन, तीन असे आकडे टाकावेत ना? त्यानं घरातल्या बायकांची नावं टाकली! कॉम्प्युटर उघडला की ओळीनं दिसतं : हरणाबाई, भिमाबाई, सरुबाई. आमची आई आणि दोन्ही मावश्या. कॉम्प्युटरला तारीख विचारली तर म्हणतो, तिघीही एक जानेवारी १९८० ला, मंगळवारी झाल्या, म्हणजे त्याचं घड्याळच कुणी लावलेलं नाही. (अयोध्या नावाचीही एक आहे. ती मी उघडलेली नाही. वहिनींच्या नावानं दादानं काय लिहून ठेवलं असेल ते दिरानं वाचू नये.)

मी विचार केला, दादानं वयाप्रमाणं नावं ठेवली असणार. आई तिघींत मोठी, म्हणजे ती पहिली यादी. राहिल्या दोन मावश्या. धाकटी जी असेल, तिच्यात दादाचा शेवटचा हात, तीच दुरुस्त करायची. सरुमावशी धाकटी धरून गेल्या सोमवारी तिची यादी चालवली. पहिलं नाव आलं नानासाहेबांचं. दहा गाड्या, वीस कोयते त्यांच्या शेतावर गेले. तिथं करडई उभी. ऊस त्यांनी मागच्या हंगामानंतरच मोडला आहे! नानासाहेब दुपारी काटेरी करडईचं झाड हातात धरून आले. "भाऊसाहेब, हे घाला उसाच्या गव्हाणीत, साखर निघती का बघा. गोड लागली तर मलाबी कळवा."

दुसऱ्या दिवशी भिमामावशीची लावली. यादीतली नावं बरोबर वाटली, म्हणून थोडा आनंद झाला. पहिली गाडी गोरोबाची, भरगच्च. काट्यावर चढली आणि कॉम्प्युटरनं वजन छापलं : उणे दोन टन. मी पुन्हा चढवली. उणे अडीच. गोरोबानं कागद हातात घेतला, बैलांकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. "म्हंजी आता म्या कारखान्यातला ऊस भरून घरी न्यायचा व्हय?" सगळे हसले. गोरोबा हसला नाही मामा. त्याची विहीर दसऱ्यालाच आटली आहे आणि अजून पाऊण एकर ऊस रानात आहे. तो मला हळूच म्हणाला, "तुमच्या दादानं सांगितलं हुतं, संक्रांतीच्या आत तोडतो म्हणून." संक्रांत होऊन गेली.

असं सगळं आहे. जास्त काय लिहू? मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मच्छिंद्र

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. भिमामावशी मोठी की सरुमावशी, एवढं एका कार्डावर लिहून उलट टपाली पाठवा. आई असती तर तिलाच विचारलं असतं; आता तुम्हीच सगळ्यांत थोरले, दोघींना कडेवर घेऊन फिरलेले. मी दोघींनाही कार्ड टाकून विचारलं होतं, ती माझी चूक. भिमामावशी कळवते, रझाकार गावात आले तेव्हा मी पाळण्यात होते, सरू माझ्याहून मोठी. सरुमावशी कळवते, पाळण्यात ती स्वतः होती आणि भिमीनंच झोका दिला. पाळणा एकच होता ना?

ता. क. २ (गुरुवार). कार्ड पाठवू नका. काल पत्र पेटीत टाकायला निघालो तर वहिनींनी विचारलं, भावजी, एवढं जाड पत्र कुणाला? मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. "अहो, तुम्ही अयोध्या चालवत न्हाईत व्हय? ह्यांनी मला सांगितलं हुतं, शेवटची यादी तुझ्या नावची, आता बदल न्हाई म्हणून." मी म्हणालो, तुमच्या नावाची होती म्हणून उघडली नाही. मग त्या हसल्या, मामा. आवाज करून.

कालच उघडली. वरच वाचणाऱ्यासाठी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं आहे. कॉम्प्युटर त्या ओळी सोडून पुढं जातो. 'मच्छिंद्र, तू हे वाचतोयस म्हणजे मी रजेवर आहे. आधी काट्याची वायर, मग कॉम्प्युटर. लाल वायर डावीकडे. बाकी कशाला हात लावू नकोस, चालतंय.' खाली ओळीनं एकेकाची विहीर आणि ती आटल्याची तारीख. गोरोबाची गाडी दोन टन भरली. पुढची चिठ्ठीही त्याचीच निघाली, राहिलेल्या उसाची.

ता. क. ३ (शनिवार). दोन्ही मावश्या न सांगता एकाच एस.टी.नं आल्या आहेत, पुढच्या आणि मागच्या सीटवर बसून. एक सोप्यात बसली आहे, एक माजघरात, आणि पाळण्याबद्दलचे निरोप वहिनींच्या तोंडी इकडून तिकडं जातात. निरोप पोचवता पोचवता वहिनींनी आज दोन भाकरी खाल्ल्या. तुम्ही मिळेल त्या गाडीनं निघा, तुमचा शब्द दोघीही मानतात. पण मामा, एवढी विनंती आहे. आल्यावर कोण मोठी ते सांगू नका. विचारलं तर आठवत नाही म्हणा. निदान आठवडाभर तरी.