ठमी नावाचं फोल्डर

३ मार्च, सोमवार
आले बाई एकदाची! खोली लहान, पण खिडकीतून भरपूर ऊन येतं. नोकरीही मजेशीर आहे: बंद पडलेल्या गोदामाच्या जुन्या मेल वाचून कामाच्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या. कचेरीत मी आणि एक कॉम्प्युटर, बस्स. तो इतका म्हातारा, की मेलच्या चित्रावर क्लिक केलं की मख्ख बसतो. म्हणून दुरुस्तीवाल्याने युक्ती शिकवली. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, पुढे हव्या त्या फोल्डरचं नाव, तेवढंच उघडतं. नसलेलं नाव दिलं, तर ‘सापडले नाही’ असं उत्तर येतं. मी ‘पगारवाढ’ लिहून पाहिलं. सापडली नाही!

५ मार्च, बुधवार
दिवसभर तोंडातून शब्द नाही. डबा खाता खाता गंमत म्हणून ‘ठमी’ लिहिलं. आई मला ठमी म्हणायची. तिला जाऊन वर्ष झालं. फोल्डर उघडलं. आत एकच मेल: ‘जेवलीस का?’
घास हातातच राहिला.
दुरुस्तीवाल्याला फोन केला. म्हणाला, असलं फोल्डर त्यात नाहीच, आणि ताई, दिलेल्या नावांखेरीज काही उघडत जाऊ नका.

६ मार्च, गुरुवार
उघडलं. ‘जेवले’ असं लिहिलं. लगेच उत्तर: ‘एकटीच?’
वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मग लिहीतच सुटले. दादाशी धरलेला अबोला, नव्या खोलीचा पत्ता, दुखणारा घसा, सगळं. ती विचारत गेली, मी सांगत गेले. घरी आले ती पिसासारखी हलकी होऊन.

१० मार्च, सोमवार
मनात पाल चुकचुकली. सांगतेय ते मीच. तिने आपणहून एक गोष्ट सांगितलेली नाही. म्हणून विचारलं, आई, धाकट्या मावशीला आपण काय म्हणायचो गं?
उत्तर आलं: ‘तूच सांग ना. म्हणजे मला कळेल.’
वायर उपटली आणि पळत सुटले.

११ मार्च
कामावर गेले नाही. धीर करून दादाच्या घरी फोन लावला. वहिनीने उचलला. म्हणाली, ते सकाळीच तुमच्याकडे निघालेत, तुमची मेल आली ना, ‘ये’ म्हणून.
मी मेल केलेली नाही.

दुपार
दार वाजलं. दादाचा आवाज. ठमे, उघड. रडूच फुटलं. कडी काढायला उठले, तोच फोन. दादाच. म्हणतो, अजून गाडीतच आहे, उशीर होईल.
मग दारात—

दादा फोनवर विचारतोय, काय झालं. बोलले तर दाराबाहेर ऐकू जाईल. नुसती लिहितेय.
कडी सरकतेय. आतून लावली होती. मी स्वतः लावली हो