चिंचेच्या पाण्यातले एल्बो

१० नोव्हें., सोमवार
विनूने आजपासून दुकानात खुर्ची दिली. खुर्ची म्हणजे प्लॅस्टिकचं स्टूल, मागच्या शेडमध्ये. त्याचं सोलर गीझरचं काम. तांब्याच्या नळ्यांची टोकं आणि एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, मी घासून द्यायचे, मग कारागीर नरसय्या बत्तीच्या आचेवर डाख देऊन ते सांधणार. पोटचं पोर म्हणतं, "अण्णा, घरी बसून कविता म्हणता, त्यापेक्षा पॉलिश पेपर चालवा की." गिरणीत बत्तीस वर्षं फिटर होतो, हे बहुधा विसरला. बत्ती काही हातात देत नाही. म्हणे हात कापतो. कापतो, खरं आहे.

१३ नोव्हें., गुरु.
घासण्याला लय आहे. पुढे, मागे, नळी फिरव. चौथीतली नदीची कविता त्यावर बरोबर बसते. गुरुजी टेबलावर रूळ आपटून ठेका धरायचे, आम्ही चाळीस पोरं एका सुरात... पहिलं कडवं तोंडपाठ. दुसरं येत नाही. तीन दिवस तिथंच अडकलोय.
नरसय्या म्हणाला, "काका, तुमची कविता थांबली की पाइप बी थांबतो." पन्नाशीचा माणूस, एरवी मुका. दोघं हसलो. विनू नाही हसला. "दिवसाला तीस टोकं? वसतिगृहाचं काम महिनाअखेर द्यायचंय. जमत नसेल तर ताईकडं वळसंगला जाऊन रहा." नरसय्यादेखत.
बोटांची सालं निघाली. एल्बोच्या आत तारेचा ब्रश फिरवायचा तर अंगठा वळत नाही.

१६ नोव्हें., रवि.
सूनबाई सुवर्णा देवाचा तांब्या घासत होती. चिंच आणि मीठ. चार हात फिरवले की लख्ख. कुसुमही अशीच घासायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी बंब घासून मला बोलावलं, "बघा, तुमचं तोंड दिसतंय का?" दिसलं होतं. काय तोंड होतं तेव्हा!
वळसंगला जाणार नाही. लेक चांगली आहे, पण तिथं मी पाहुणा.
एक विचार आलाय.

१७ नोव्हें., सोम.
साठ एल्बो पिशवीतून घरी आणले. घमेल्यात चिंचेचं पाणी, मूठभर मीठ. अर्ध्या तासात सोनं. धुवायला गेलो तर सुनेचा आवाज, "मामा, नळ परवा येणारेय, एका बादलीत आवरा हं." आवरलं एका बादलीत. शेवटचे वीसेक तर चिंचेच्याच पाण्यातून निघाले म्हणायचे. ब्रश फिरवला नाही. वरून पुसले.
गिरणीतले उस्ताद आठवले. घासलेल्या नळीला बोट लावलं तरी पाठीत धपाटा. "चमकना अलग, साफ होना अलग." आठवले आणि पिशवी बांधली.

१८ नोव्हें., मंगळ.
विनू एल्बो उजेडात धरून म्हणाला, "वा अण्णा! आरसा!" किती वर्षांनी वा म्हणाला. मी म्हटलं, "फिटरचा हात आहे."
नरसय्याने विचारलं, "आतून ब्रश मारलाय ना, काका?"
"मारलाय."

२९ नोव्हें.
वसतिगृहाचं काम पार पडलं. पाण्याच्या दाबाला सगळे सांधे टिकले. विनूने पेढे आणले. स्टूल पंख्याखाली आलं.

२२ डिसें., सोम.
सकाळी फोन. वसतिगृहाच्या गच्चीवर पाणी झिरपतंय. एक नाही, पाच सांधे. खालच्या खोलीत छतातून धार, एका मुलीच्या वह्या भिजल्या. परीक्षा तोंडावर. विनू सांगत होता, ती वह्यांची पानं एकेक करून दोरीवर वाळत घालत होती.
जेवलो नाही.

२३ डिसें.
दुकानात, माझ्यासमोर.
विनू : "चौदा वर्षं काम करतोस आणि तुला डाख भरता येत नाही?"
नरसय्या : "मालक, आतून घाण असंल तर डाख धरंल कसा?"
विनू : "घाण? अण्णांनी घासलेत ते. आरशासारखे होते. मी स्वतः बघितलेत."
नरसय्याने माझ्याकडं बघितलं. मी हातातली नळी फिरवली. पुढे, मागे.
"उद्यापासून येऊ नकोस."
तो हात धुऊन गेला. डबा न्यायचा विसरला. तीन पुडाचा, त्यातलं एक पूड अजून भरलेलं.

२५ डिसें.
विनूला सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. एकदा औषधाची गोळी मागितली. एकदा म्हटलं, थंडी वाढलीय.
शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचा मान माझा. अक्षर मोत्यासारखं. गुरुजी इतर वर्गांना आणून दाखवायचे. रोज एक सुविचार, आणि बहुतेक सगळे सत्यावरच. लिहून झाले की हात झटकायचे, खडू उडायचा. संपलं.
नरसय्याला पन्नाशीत कोण घेणार?

२८ डिसें., रवि.
दुपारी नरसय्या घरी आला. वाटलं, डब्यासाठी. डबा मी घरी आणून धुऊन ठेवला होता. विनू वसतिगृहावर, सांधे कापून काढतोय.
खिशातून एल्बो काढला, उभा चिरलेला. तिथल्या गच्चीवर टाकलेल्यातला. आतून हिरवागार, डाख अर्ध्यावर थबकलेला.
"जीभ लावून बघा, काका."
लावली. खारट.
"माझी आई बी देवाची भांडी अशीच घासायची. पण तीनदा धुवायची."
मी म्हटलं, नळाला पाणी... हे काय कारण झालं?
"तुम्ही विनूला सांगणार?" मीच विचारलं. त्याला अहोजाहो आजच केलं.
"मी न्हाय. म्हाताऱ्याच्या नावानं रडून काम मागायचं? आपल्याला न्हाय जमत तसलं." सुवर्णाने चहा आणला, घेतला नाही. डबा घेतला. एल्बोचा तुकडा मात्र माझ्यासमोर ठेवून गेला. विसरून नव्हे.
तो गेल्यावर दुसरं कडवं आठवलं. अख्खं, चालीसकट. म्हणावंसं वाटलं नाही.
सांगितलं तर वळसंग. तेही ठीक. पण "फिटरचा हात" म्हणालो होतो, ते कुठल्या तोंडानं परत घ्यायचं?
चार वाजले. फाटकाशी विनूची गाडी वाजतेय. सुवर्णा म्हणतेय, "मामा, टेबल आवरा, ताटं घेते, ते जेवायचेत अजून." वही आवरतो. तुकडा तिथंच आहे, ताटाच्या जागी. चिरलेली बाजू वर.