आई शनिवारच्या गाडीनं निघते आहे

टेनेसी, १२ ऑक्टोबर १९१६

प्रिय एसा,

तू आणि तुझी बायको खुशाल असाल असं धरून चालते. आमच्या संघटनेची पत्रं सरकारनं पोस्टातच अडवली आहेत, म्हणून हे पत्र रेल्वेतला पोर्टर कॉर्नेलियस हातोहात देईल. त्याला जेवू घाल.

रताळी यंदा बरी आली. आईचा खोकला कमी आहे, जीभ तशीच आहे. परवा म्हणाली, "तुझा भाऊ शिकागोच्या कत्तलखान्यात डुकरं सोलतो, तू इथं सरकारला सोलतेस. चरबी मात्र कुणाच्याच अंगावर दिसत नाही!"

हिवाळ्याआधी आईला तिकडे पाठव, असं तू लिहितोस आणि मी टाळते. चर्चमधल्या आमच्या सभेत गुलामीत जन्मलेली म्हातारी माणसं एकेक करून उठतात, मालकाचं नाव सांगतात, फुकट काय काय राबलो ते सांगतात. आई उठली की चर्च गप्प होतं. माझ्या तासाभराच्या भाषणानं तसं होत नाही. आणि असे साक्षीदार आता उरलेत किती?

गुलामीतल्या राबण्याबद्दल सरकारनं पेन्शन द्यावी, हा आमचा दावा कोर्टानं फेटाळला. म्हणे, सरकारच्या परवानगीशिवाय सरकारवर दावा लावता येत नाही. म्हणजे चोरीची फिर्याद करायची ती चोराला विचारून! हे मी गावोगाव गर्जून सांगितलंय. राग तोच आहे, एसा. घसा दमलाय.

रविवारी आई उठली. मालकाचं नाव घेतलंच नाही. म्हणाली, "माझ्या भावाला, लीव्हायला, गाडीला बांधून विकायला नेलं. मी फाटकाशी उभी होते." हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "बसू द्या मला आता."

आता खरं ते लिहिते. माझ्यावर वॉरंट निघालंय. म्हाताऱ्यांना पेन्शनची खोटी आशा लावून फसवलं, असा आरोप आहे. शेरीफकडे स्वयंपाक करणाऱ्या एस्टेलनं निरोप धाडला, की सोमवारी मला पकडायला येतील. सगळे म्हणतात, पळ. मी पळाले तर त्या म्हाताऱ्यांची मागणीच खोटी ठरेल. मी राहणार. पण आपलं माणूस नेताना आईनं पुन्हा पाहायचं नाही.

तुझ्या बायकोच्या बाळंतपणाला शनिवारी शिकागोला जायचंय, असं तिला सांगितलंय. तिनं विचारलं, "अन् तू?"

"माझी सभा आहे, आई."

तिनं गाठोडं बांधायला घेतलं. मग म्हणाली, "भाषण लांबवू नकोस."

ती उतरेल तेव्हा तिचा हात धर. ती सांगेल ते ऐकून घे, टाळ्या वाजवू नकोस.

सोमवारपर्यंत घरीच असलेली,
तुझी मोठी बहीण
लुडी