माझा आवाज, माझं घर आणि दोन साक्षीदार

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, चौथीपर्यंत शिकलेली, शिंप्याच्या दुकानात छत्तीस वर्षं काजं-बटणं केलेली, या मृत्युपत्रात असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणी धाक दाखवलेला नाही. धाक दाखवायला घरात कुणीतरी असावं लागतं. अक्षर माझं, कायद्याचे शब्द वकिलांचे.

१. शिलाई मशीन आणि कात्र्या दुकानातल्या कारागीर बाईला द्याव्यात. माझ्या धाकट्या जावेला काही नाही. माझा नवरा गेला तेव्हा ती उंबऱ्यावरूनच "बरं आहे ना?" विचारून गेली. बरं होतं, असं तिला कळवावं.

२. नातवाची तबकडी. नातू गिटार वाजवून ओरडतो, त्याला रॉक म्हणतात. आई-बाप गेल्यावर तो माझ्याकडेच वाढला. गेल्या वर्षी त्याने गाण्यांची तबकडी काढली, जुन्या रेकॉर्डसारखी, पाचशे प्रती, आणि तिच्यात नाना थेरं केली. अंधारात ती हिरवी चमकते. एक बाजू आतून बाहेर वाजते. मधला कागद खरवडला की खाली आणखी एक गाणं निघतं. शेवटची खाच तर गोल मिटवलेली, कुणी उठून सुई उचलेपर्यंत तेवढंच वाजत राहतं. त्या खाचेत मी आहे. त्याच्या फोनवर निरोप ठेवला होता, "कधी येतोस?" तोच त्याने तिथे घातला. विचारलं एकट्याला, आता पाचशे घरांत विचारत बसलेय. जाब विचारला तर म्हणाला, "आजी, लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडलंय."

"लोकांना आवडू दे. उत्तर काय?"

"दौरा संपला की बघतो."

हा आवाज माझी मालमत्ता आहे. माझ्यामागे तो कुणी पुन्हा छापू नये.

३. राहतं घर. मी नातवाला पाठवलेल्या एका पाकिटाची नक्कलही त्याने तबकडीच्या कव्हरात घातली, मागच्या पत्त्यासकट. त्यामुळे एका रविवारी बस चालवणारी एक बाई दारात उभी. "आजी, तुम्ही सारखं विचारत होता, म्हणून आले."

मी म्हटलं, "तुला नव्हतं विचारलं."

"माहितीये. चहा टाकू?"

तेव्हापासून दर रविवारी येते. गळका नळ तिने बदलला. भांडी चुकीच्या जागी लावते, सांगून उपयोग नाही. घर तिला द्यावं.

४. साक्षीदार. वकील म्हणाले, दोन हवेत, आणि ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही. माझ्याकडे कोण कोण येतं ते मोजलं. खालचा औषधवाला आणि बसबाई. बसबाई बाद झाली. दुसरी सही नसेल तर हा कागद रद्दी आणि तिला घर नाही. म्हणून नातवाला फोन केला.

"ये आणि सही कर. केलीस तर तुला काही मिळायचं नाही, आधीच सांगते."

"मग तर येतोच," म्हणाला आणि हसला. रविवारी चार वाजता येणार. त्याला खाली साक्षीदार म्हणून लिहून ठेवलाय.

५. (हे मागाहून लिहिलं.) तीन रविवार गेले. आता तो साक्षीदार नाही, तेव्हा त्याला काही द्यायला कायद्याची हरकत नाही. घरातली मागची लहान खोली त्याची, त्याच्या पलंगासकट. चादर मी महिन्याला बदलते, माणूस नसला तरी धूळ बसतेच. बसबाईने तिथे सामान ठेवू नये.

राहत्या घरी, सोमवार, तीन मार्च, सकाळी अकरा. सही माझी, दोघांच्या देखत.

साक्षीदार :

एक : खालचा औषधवाला. दुकान बंद करून वर आला.

दोन : ~~माझा नातू~~ विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. मला ओळखत नाही. चष्मा माझा वापरला.

वरची खोडाखोड माझ्या हातची आहे आणि शुद्धीवर असताना केलेली आहे.