सोलापूरची की

रविवार, जानेवारी. संध्याकाळ.

आज शेजारच्या शमीमभाभी आणि वरच्या मजल्यावरच्या पद्माक्का मला वैरागकडे हुरडा खायला घेऊन गेल्या. दर रविवारी दोघी कुठंतरी नेतात. मी जाते. नाही म्हणायलाही आतून काहीतरी वाटावं लागतं.

शेतातल्या बाईंनी गरम हुरडा चोळून माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "कुटल्या हो ताई तुमी?"

"सोलापूरची की," मी म्हणाले.

पद्माक्का हसल्या. "आली बघा लायनीवर. नवी होती तेव्हा विचारायची, बोलताना मागं 'की' कशाला लावता?"

"चिपळूण गया अब," शमीमभाभी म्हणाल्या.

तो 'की' माझा नव्हे. ह्यांच्यासोबत सगळा संसार चिपळूणला झाला, तिथं मी असं कधी बोलले नाही. हे गेले आणि मी इथं लेकीकडे आले. आज ह्यांनी ऐकलं असतं तर वळून पाहिलं असतं, ही कोण बोलतेय म्हणून. चिपळूण का नाही आलं तोंडात? वाईट वाटायला हवं होतं. मी हुरडा खात राहिले. गोड होता.

मघापासून वाचनालयाचं पुस्तक मांडीवर उघडं आहे, पण डोक्यात तो 'की'च.

रोज बाहेरून आल्यावर ह्यांच्या फोटोला "आले हो" म्हणते. आज चप्पल काढून समोर उभी राहिले. तोंडातून काय निघेल याचा भरवसा वाटेना. न बोलताच दिवा लावला.