‘काढणे’ या शब्दाचा खुलासा आणि काढून टाकलेल्या साधनाची मागणी

प्रति,
मा. साधन परवाना अधिकारी,
संगणक विभाग, दुसरा मजला.

विषय : लेआउट एडिटरमधील कपॅसिटन्स मोजण्याचे साधन पूर्ववत सुरू करण्याबाबत.
संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ४. २) त्यावरील आपला शेरा, दि. ११ : ‘काढले.’

महोदय,

मी तळमजल्यावर चिपचे आराखडे आखतो. कानाच्या यंत्रात बसणाऱ्या नखाएवढ्या चिपवर कोणती तार कुठून जाईल, हे एडिटरमध्ये ठरवणे हे माझे काम. दोन तारा फार जवळून गेल्या की एकीतला सिग्नल दुसरीत पाझरतो. हा नको असलेला, इंग्रजीत ‘पॅरासिटिक’ म्हणतात तो कपॅसिटन्स मोजून काढणारे साधन एडिटरच्याच मेन्यूत होते. बटण दाबले की चार मिनिटांत यादी समोर येत असे. नव्या नियमाने त्यासाठी आपली परवानगी लागते, म्हणून अर्ज केला.

१. ‘अर्जात परके शब्द टाळावेत’ असे आपले परिपत्रक आहे. मी आज्ञाधारकपणे शब्दकोश उघडला आणि ‘संपादकातून परजीवी धारिता काढण्याची साधने चालवण्याबाबत’ असे लिहिले. तिसऱ्या दिवशी पाठीवर टाक्या बांधलेले दोन फवारणीवाले आमच्या खोलीत आले व परजीवी कुठे आहेत असे विचारू लागले. मी पडद्याकडे बोट दाखवले. त्यांनी पडद्यामागे फवारले. आपल्या विभागाच्या तत्परतेचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. कीबोर्डची काही बटणे अजून चिकटतात.

२. अर्जाचा पुढचा भाग बहुधा आपण स्वतः वाचलात. ‘काढण्याची साधने’ हे आपण ‘साधने काढण्याची’ असे वाचले असावे, कारण दि. ११ रोजी मेन्यूतून ते साधनच काढून टाकण्यात आले. उत्तर काढणे, फोटो काढणे आणि माणसाला नोकरीवरून काढणे ही तीन वेगळी कामे आहेत, हे आपल्यासारख्या पदवीधर अधिकाऱ्यास मी सांगणे बरे दिसत नाही. तरी सांगतो.

३. त्यानंतर मी आपल्या वरिष्ठ लिपिकांना भेटलो. आराखडा मोठ्या कागदावर छापून तारांमधले अंतर पट्टीने मोजावे, असा त्यांनी सल्ला दिला. तारा नऊ हजार आहेत. पट्टी कार्यालयातून मिळेल, मात्र तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, असेही ते म्हणाले.

४. गोष्ट एवढीच असती तर मी गप्प बसलो असतो. मागच्या वेळी घाईत मी ही मोजणी न करताच आधीचा आराखडा कारखान्यात गेला. माइकची तार क्लॉकच्या, म्हणजे चिपला सतत ठोके देणाऱ्या, तारेला खेटून गेली होती. नमुन्याचे एक यंत्र माझ्या थोरल्या बहिणीने लावले. तिच्या कानात दिवसभर शिट्टी वाजत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवले. “हे तू केलंयस ना? मग असं का ओरडतं रे माझ्यावर?” चूक माझीच होती आणि त्या चुकीची मला आजही लाज वाटते.

५. नवा आराखडा दि. १८ ला कारखान्यात जातो. एकदा गेला की त्यातली एक रेघही बदलता येत नाही. या खेपेस ती चिप दोनशे लोकांच्या कानात बसणार आहे. तारा मी दूर सरकवल्या आहेत. पुरेशा सरकल्या की नाही, हे मला माहीत नाही आणि ते साधन चालवल्याशिवाय आपल्यालाही कळणार नाही. तरी दि. १७ पर्यंत साधन पुन्हा मेन्यूत बसवावे.

ते जमत नसल्यास एक विनंती आहे. आराखड्यासोबत ‘कपॅसिटन्स तपासला’ असे प्रमाणपत्र जाते. आजवर त्यावर मी सही करत आलो, मागच्या वेळीसुद्धा केली. या वेळी करणार नाही. माझे नाव खोडून तेथे आपले पद लिहिले आहे; सही आपण करावी. त्याखाली ‘तक्रार असल्यास कोणास भेटावे’ असा रकाना आहे. त्यात आपल्या खोलीचा क्रमांक भरला आहे.

आपला, अजूनपर्यंत नम्र,
(सही)
आराखडाकार, तळमजला
दि. १३

सोबत : प्रमाणपत्र, एक प्रत. सहीची जागा कोरी.