कारणाचा रकाना

२४ फेब्रु., मंगळ
ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचे फॉर्म आले. शेवटचा रकाना: कराटे का शिकता? मी लिहिलं, फाइट करायला आवडतं. सर वाचून हसले. पेनाने खोडलं, वर लिहिलं ‘स्वसंरक्षण’. सगळ्या मुलींच्या फॉर्मवर त्यांच्याच अक्षरात तेच. आमच्या बॅचमधल्या नीलेशने ‘राज्यासाठी खेळायचंय’ लिहिलंय, ते तसंच ठेवलं. शी! सात वर्षं घाम गाळला तो काय कुणाच्या भीतीने?

२६, गुरु
नीलेशशी फाइट. चार पॉइंट मिळाले, चारही त्याने दिलेले. हातांचा गार्ड मुद्दाम खाली. म्हटलं, "नीट खेळ ना रे." म्हणे, "तुला लागलं तर सर मला झापतील यार." किळस आली. त्याची कमी, त्या चार पॉइंटांची जास्त.

३ मार्च, मंगळ
महिला दिनाला दिंडोशीच्या एका सोसायटीत डेमो. सरांना माझ्याकडून किस्सा हवाय: कुणी छेडलं, मी दोन ठेवून दिल्या.
"तसं काही झालं नाही, सर."
"आठव ना गं. प्रत्येकीला काहीतरी होतंच."
चहा पिता पिता म्हणाले!
घरी आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला, दार लोटलं. "खरं सांग बाय, काय झालंय?"
ही पण.

४, बुध
झालं होतं. अकरावीत, क्लासच्या जिन्यात. इथेही पुढे लिहिणार नाही. पण कराटे त्यानंतर दहा वर्षांनी, ऑफिसातली मैत्रीण फुकट ट्रायलला ओढून घेऊन गेली म्हणून. पहिल्याच दिवशी पॅडवर किक नीट बसली, काय आवाज आला! अजून त्यासाठीच जाते. त्या जिन्यातल्या माणसाला याचं श्रेय मी का द्यायचं?

९, सोम
काल डेमोला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. म्हणजे मी पण खोटंच बोलले.

१२, गुरु
सरांकडून कोरा फॉर्म मागून घेतला. पुन्हा तेच लिहिलं, फाइट करायला आवडतं. सर म्हणाले, "रविवारी पॅनेल हेच विचारणार. मुलीच्या तोंडी उद्धट वाटतं हे. नापास केलं तर मी मध्ये पडणार नाही." सही केली मात्र.

१४, शनि
उद्या परीक्षा. अकराला, बोरिवलीत. ड्रेसला इस्त्री केली. आरशासमोर दोन्ही उत्तरं म्हणून पाहिली. ‘स्वसंरक्षण’ तोंडात इतकं सहज येतं की माझीच मला शिसारी आली.
बेल्ट हवाय मला. फार हवाय.